वशाट सोडलं, वाटण नाही

ज्यांना मासे-मटण, म्हणजे आमच्याकडचं वशाट, मुळातच आवडत नाही, त्यांना शाकाहारी होणं सोपं जातं. मला बांगडा आवडतो. आजही शेजारच्या घरात तवा चढला की वासाने तोंडाला पाणी सुटतं. तरीही जीव मारून खायचं नाही, हे मनाशी पक्कं आहे. या दोन्ही गोष्टी एका माणसात सुखाने राहू शकतात. "आवड गेली की सोडेन" असं म्हणत थांबलेली कितीतरी माणसं आमच्या सिंधुदुर्गात भेटतात. आवड जात नाही. ती जायची वाट न बघता सोडता येतं, आणि ते कसं जमलं ते इथे लिहिते.

सुरुवात कधी करावी, याला आपल्याकडे सगळे श्रावण सांगतात. मी जून सांगेन. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बाजारात ताजं फारसं नसतं, असतं ते बर्फातलं आणि महाग. म्हणजे अर्धं काम समुद्रच करतो. पुढे लागूनच श्रावण येतो आणि घरातही शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण सुरू होतं. श्रावणापासून सुरुवात केली तर एक घोटाळा होतो. श्रावण पाळायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे, पण ती दिवस मोजायची सवय आहे. महिना संपला की मन आपोआप मासळीबाजाराकडे वळतं. खरी परीक्षा नारळी पौर्णिमेनंतर येते. होड्या समुद्रात जातात, सप्टेंबर-ऑक्टोबरात बांगडा, सुरमई, कोळंबी ताजी फडफडीत येऊ लागते. तोपर्यंत हातात दहा-बारा पदार्थ असे बसलेले हवेत, की रविवारी दुपारी ताटाकडे बघून काही हरवल्यासारखं वाटणार नाही. जून-जुलै त्या सरावासाठी.

सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी मटण, मग कोंबडी, मग ताजी मासळी आणि शेवटी सुकी, असा माझा क्रम झाला. सुकी मासळी सगळ्यात चिवट. ती घरातच डब्यात असते, चिमूटभर सुकट घातली की कसलीही भाजी चविष्ट होते आणि "एवढ्याशाने काय होतं" असं वाटतं. म्हणून सुक्याचा डबा घरात असेपर्यंत आपण पूर्ण सोडलं असं धरू नये.

आता मूळ मुद्दा. आपण जिला माशाची चव म्हणतो, तिच्यात माशाचा वाटा किती? मालवणी कढीतून मासा काढून टाकला तरी ओलं खोबरं, बेडगी मिरची, धणे, तिरफळ, कोकम आणि खोबरेल तेल राहतंच. यातलं काहीच सोडायचं नसतं. जातं काय, तर तीन गोष्टी: चरबी, दाताखाली येणारा धागा, आणि रश्श्याला येणारा एक भरीवपणा. हा भरीवपणा म्हणजे नुसती कल्पना नव्हे. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. मासे-मटणात इनोसिनेट नावाचा आणखी एक घटक असतो. तो ग्लुटामेटबरोबर आला की चव कितीतरी पटींनी वाढते. म्हणूनच त्याच वाटणात नुसता बटाटा घातला तर रस्सा पोकळ लागतो. यावर उपाय आहेत: पिकलेला टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतणं, कांदा खरपूस भाजणं, वाळवलेल्या अळंबीची पूड अर्धा चमचा घालणं, आणि मुख्य म्हणजे तेलाला हात आखडता न घेणं. मटण स्वतःचं तेल सोडतं, भाजी सोडत नाही. चार माणसांच्या रश्श्याला तीन मोठे चमचे तेल लागतंच. पहिल्या महिन्यात बहुतेकांचं इथेच फसतं आणि दोष मात्र भाजीला जातो.

माशाच्या कढीला वाटण कच्चं आणि मटण-कोंबडीला भाजलेलं, हा नियम भाजीलाही तसाच लावायचा. ज्या दिवशी बांगड्याची आठवण येते त्या दिवशी कच्च्या वाटणाचं तिखलं करावं. चार जणांना एक वाटी ओलं खोबरं, वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवलेल्या आठ बेडगी मिरच्या, एक चमचा धणे, पाव चमचा हळद आणि अर्धा छोटा कांदा, गंधासारखं बारीक वाटून. आत नीरफणसाच्या, बटाट्याच्या किंवा उकडून घेतलेल्या सुरणाच्या फोडी, नाहीतर शिजवलेले अळसांदे, म्हणजे चवळी.

तिरफळाकडे जरा नीट बघा. वाळलेलं फळ तोंड उघडून बसलेलं असतं आणि आत काळीभोर चकचकीत बी असते. वास आणि जिभेला झिणझिण्या आणणारी चव सालीत असते. बी कडू आणि दाताखाली कचकचणारी. ती काढून टाकायची. आठ-दहा साली वाटीच्या बुडाने नुसत्या चेचायच्या, दोन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायच्या आणि फोडी शिजत आल्या की पाण्यासकट आत ओतायच्या. तिरफळं मिक्सरमध्ये वाटणासोबत फिरवली तर सगळी कढी कडू होते आणि ती मग कशानेच सुधारत नाही. त्यानंतर पाच-सहा कोकमं, पाच मिनिटं उकळी, आच बंद, आणि वरून एक चमचा कच्चं खोबरेल घालून दहा मिनिटं झाकण. झाकण काढल्यावर जो वास येतो, त्यात बांगडा नाही हे लक्षात यायला क्षणभर वेळ लागतो.

मटणाच्या जागी आमच्याकडे काळ्या वाटाण्याचं सांबारं आधीपासूनच आहे, आणि वडेही. कोंबडी-वड्यातले वडे तांदूळ-उडदाचेच असतात, ते कुठे जात नाहीत. एक मोठी वाटी वाटाणे बारा तास भिजवावे, ते पाणी टाकून द्यावं, आणि ताज्या पाण्यात थोडं मीठ घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या आणि वर दहा मिनिटं मंद आच द्यावी. वाटाणे कडक राहिले तर कारणं तीनच: वाटाणे जुने, पाणी मचूळ, किंवा आंबट आधी घातलेलं. आंबटाने कडधान्याची साल मऊ होत नाही, म्हणून कोकम नेहमी शेवटी. वाटणाला एक वाटी किसलेलं सुकं खोबरं आणि दोन उभे चिरलेले कांदे वेगवेगळे भाजा. एकत्र घातलं तर कांद्याचं पाणी आटेपर्यंत खोबरं जळतं. खोबरं मंद आचेवर तांबूस होऊन त्याला तेल सुटू लागलं की लगेच उतरवायचं, गरम कढईत ते पुढेही भाजत राहतं. सात-आठ लसूण पाकळ्या, बोटभर आलं, धणे, बडीशेप, दोन लवंगा, चार मिरी आणि चिमूटभर दगडफूल. वाटताना शिजलेले वाटाणे दोन पळ्या घालायचे, त्याने रस्सा दाट होतो. मालवणी मसाला दोन चमचे, पण तो तेलात, पाणी घालण्याआधी. उकळत्या रश्श्यात वरून टाकलेला मसाला कच्चा लागतो आणि तवंगही येत नाही.

धागा हवा असेल तर फेब्रुवारी-मार्चमधला कुवळा, म्हणजे कोवळा, फणस. तेलाचा हात लावून चिरायचा, मोठ्या फोडी कुकरला एक-दोन शिट्ट्या, आणि मग भाजलेल्या वाटणात. एरवी बाजारातली धिंगरी अळंबी चालते. ती सुरीने न कापता हाताने उभी फाडायची आणि आधी कोरड्या, चांगल्या तापलेल्या तव्यावर तिचं पाणी उडवायचं. लगेच रश्श्यात टाकली तर रबरासारखी होते. पावसात रानात उगवणारी अळंबी मात्र पूर्ण ओळख असल्याशिवाय तोडू नये. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर मिळतात, तेव्हा कसलीच आठवण येत नाही.

तळलेल्या तुकडीची जागा नीरफणस घेतो, आणि हे मी मनापासून सांगते. विळीला तेल लावायचं, नाहीतर चीक चिकटून बसतो. साल आणि मधला दांडा काढून अर्ध्या करंगळीइतकी जाड कापं करायची आणि लगेच मिठाच्या पाण्यात टाकायची, म्हणजे काळी पडत नाहीत. दहा मिनिटांनी काढून फडक्यावर अगदी कोरडी करायची. हळद, मालवणी मसाला, लसणाची गोळी आणि दोन चमचे आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, लावून पंधरा मिनिटं ठेवायची. आगळात मीठ असतं, तेव्हा वेगळं मीठ बेतानेच. मग बारीक रवा आणि तांदळाचं पीठ समप्रमाणात घेऊन त्यात दोन्ही बाजूंनी दाबून घोळवायची. तव्यावर सढळ तेल, मध्यम आच, पहिली तीन-चार मिनिटं झाकण, मग झाकण काढून दोन्ही बाजू कुरकुरीत. मोठ्या आचेवर रवा करपतो आणि आत कच्चं राहतं. कापं ओली असली तर उलटताना सगळा रवा तव्यावर राहतो. सुरणाची कापंही अशीच, फक्त सुरण आधी कोकमाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकडून. त्यातल्या ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांनी घसा खवखवतो, चिरताना हातालाही तेल हवं.

काही चवी येत नाहीत. ओला बोंबील, तिसऱ्या, कुर्ल्या, सोडे यांना पर्याय नाही. सोयाच्या वड्यांना समुद्राचा वास लावायचा खटाटोप मी करून पाहिला. त्याने तहान भागत नाही, उलट मूळ चव जास्त आठवते. अशा दिवशी पूर्ण वेगळं जेवण करावं: कुळथाची पिठी, गरम भात, तळलेली सांडगी मिरची. पिठीला तीन मोठे चमचे भाजलेल्या कुळथाचं पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, तरच गुठळ्या होत नाहीत. मग ठेचलेल्या लसणाच्या फोडणीत अडीच वाट्या पाण्याबरोबर उकळायचं, आणि शेवटी तीन कोकमं. सुक्या बांगड्याचं काम इथे सांडगी मिरची करते. खारट, तिखट, कुरकुरीत.

ओढ सगळ्यात जोरात येते ती भूक आणि वास एकदम आले की. म्हणून रिकाम्या पोटी बाजारात जायचं नाही, आणि लिलावाच्या वेळी जेटीच्या रस्त्याने तर नाहीच. ओढ अर्धा तास टिकते. त्या अर्ध्या तासात खारवलेले शेंगदाणे किंवा उकडलेल्या आठळ्या पोटात गेल्या की ती उतरते.

घरात बाकीचे खात असतील तर तवा आणि तळणीचं तेल वेगळं ठेवा. "तुकडो नको तर नको, कढी तरी घे," असं सासूबाई म्हणणारच, आणि ते प्रेमाने असतं. पहिल्याच दिवशी शांतपणे सांगावं की कढीही नको. रस चालतो असं एकदा झालं की पुढे तुकडाही येतो. सणाला, देवाच्या कार्याला जाताना आधी कळवावं आणि काळ्या वाटाण्याचा टोप आपणच करून न्यावा. खानावळीत शाकाहारी थाळी मागितली तरी रस्सा कुठल्या टोपातला, हे विचारावं.

तब्येतीचं मात्र मनावर घ्या. मासळी सोडून लोक भात, बटाटा आणि डाळीचं पाणी खातात आणि तीन महिन्यांनी "अंगात ताकद नाही" म्हणतात. शंभर ग्रॅम बांगड्यात वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तेवढ्यासाठी दोन मोठ्या वाट्या दाट उसळ लागते. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम धरा, म्हणजे दोन्ही जेवणांत कडधान्य आणि शिवाय दही-दूध हवं. पण पहिले दोन आठवडे अर्धी वाटीच घ्या, पोटाला सवय नसली की गॅस धरतो. मोड आणलेलं आणि हिंग घातलेलं बरं पडतं. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा टाळा. समुद्री मासळीतून आयोडीन मिळत होतं, आता मीठ आयोडीनयुक्तच असू द्या. जवसाची चटणी रोज एक चमचा.

बी-१२ चं वेगळं सांगायला हवं. ते भाजीपाल्यात मिळत नाही, दुधा-दह्यात थोडं मिळतं. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. नंतर हातापायाला मुंग्या, जीभ लाल होणं, थकवा. वर्षातून एकदा रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं असतं. गोळीच मागावी.

आणि मे महिन्यात बेगमी करताना काळे वाटाणे, कुळीथ, अळसांदे, आगळ, सांडगी मिरची आणि वर्षभराची तिरफळं भरून ठेवा. तिरफळं काचेच्या बरणीत, झाकण घट्ट. सुक्या मासळीचा प्लास्टिकचा डबा कितीही घासला तरी वास सोडत नाही. त्यात यातलं काही भरू नका, तो डबा घरातूनच काढा.