अथेन्समधली ओवरी

जुलैत अथेन्सला जाऊ नये. आम्ही गेलो, कारण सुट्टी तेव्हाच मिळाली. अगोरा म्हणजे जुन्या शहराचा बाजारचौक. आता तिथे पडके दगड, वाळलेलं गवत आणि अधूनमधून एखादं ऑलिव्हचं झाड. अर्ध्या तासात आई वैतागली. "ते लांबलचक छप्पर दिसतंय ना, तिथे चल."

ते छप्पर म्हणजे अटॅलसचा स्टोआ. आत पाऊल टाकलं आणि अंगावरून गार झुळूक गेली. आईने वर-खाली पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही तर ओवरीच की!"

मी स्टोआचं भाषांतर शोधत बसले होते, ते तिने एका शब्दात उरकलं. मागे भिंत, पुढे खांबांची रांग, वर छप्पर, आणि मधून कुणीही चालावं. फक्त ही ओवरी दुमजली आणि सुमारे ११५ मीटर लांब. मागच्या बाजूला प्रत्येक मजल्यावर २१ दुकानं. पर्गामॉनचा (आजच्या तुर्कस्तानातलं एक जुनं ग्रीक राज्य) राजा दुसरा अटॅलस तरुणपणी अथेन्समध्ये शिकला होता. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात, राजा झाल्यावर, त्याने शहराला ही वास्तू भेट दिली. माजी विद्यार्थी शाळेला पंखे देतात, तसंच, जरा मोठ्या हाताने.

आई एका खांबाला टेकून उभी राहिली, आणि मला एक गंमत दिसली. बाहेरच्या डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक धाटणीच्या, खांबांवर उभ्या पन्हळी कोरलेल्या आहेत, पण तिच्या पाठीमागे खांब गुळगुळीत होता. पन्हळी डोक्याच्या वर सुरू होत होत्या. खाली कोरीवकाम केलं असतं तर हमाल, ओझी, टेकणारी माणसं यांनी त्याच्या कडा कधीच उडवल्या असत्या. गर्दी किती होणार हे बांधणाऱ्याला आधीच ठाऊक होतं!

खरं सांगायचं तर आज दिसतं ते बरंचसं नवं आहे. मूळ वास्तू इ. स. २६७ मध्ये हेरुली टोळ्यांनी उद्ध्वस्त केली. १९५० च्या दशकात अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी ती त्याच पायावर पुन्हा उभी केली. संगमरवर जरा जास्तच चकचकीत वाटतो. पण पडक्या जोत्यांवरून मला ही सावली कधीच कळली नसती.

निघताना मला आईला एक 'खरा' स्टोआही दाखवायचा होता. मेट्रोच्या रुळांपलीकडे, आद्रियानू रस्त्याला कठड्यावरून खाली वाकून पाहायचं. चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला हा 'रंगीत स्टोआ'. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास सायप्रसहून आलेला तत्त्वज्ञ झेनो इथेच फेऱ्या मारत शिकवायचा, म्हणून त्याच्या अनुयायांना स्टोइक म्हणू लागले. सुखदुःखात अविचल राहणाऱ्यांचा पंथ, आणि नाव पडलं ओवरीवरून.

आईने वाकून खड्डा पाहिला. चार दगड, गवत, एक झोपलेलं मांजर.

"इथे छप्पर नाही," ती म्हणाली, आणि समोरच्या खानावळीच्या कापडी मांडवाखाली जाऊन बसली.