बॉलरूममधलं गॅदरिंग

डोंबिवलीच्या आमच्या शाळेत गॅदरिंग म्हटलं की जानेवारीतली थंडी, मैदानात बांधलेलं स्टेज आणि विंगेत उभ्या असलेल्या बाईंच्या पदराला अडकवलेल्या सेफ्टी पिना. २००९ साली न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात लेकीचा हात धरून बावरून उभी होते. टेबलामागच्या बाईंनी तिचं नाव विचारलं, छातीवर १४७ नंबरचा कागद चार पिनांनी टोचला, आणि मला हायसं वाटलं. पिना आहेत म्हणजे ठीक आहे.

ते हिपहॉप नाचाचं कन्व्हेन्शन होतं. दर नोव्हेंबरात, शनिवार-रविवार. बाहेरगावचे शिक्षक येतात, शे-दोनशे मुलं बॉलरूममध्ये रांगा करून उभी राहतात, तासाभराचा क्लास होतो. की लगेच पुढचा शिक्षक, पुढचं गाणं. हॉटेलच्या गालिच्यावर पाय घसरत नाही, गिरकी घेताना गुडघा मात्र पिरगळतो. म्हणून वर फळ्यांची जमीन जोडायची, सांध्यांवर चिकटपट्टी मारायची. पहिल्या सकाळी एक टकलू गृहस्थ गुडघ्यांवर रांगत ती पट्टी मारत होता. मला वाटलं हॉटेलचा माणूस, म्हणून मी त्याला बाथरूम कुठे ते विचारलं. त्याने उठून, तिथवर चालत येऊन दाखवलं. दुपारी तोच माइक घेऊन स्टेजवर! कन्व्हेन्शन त्याचं आणि टेबलावरच्या त्या बाईंचं होतं, नवरा-बायकोचं. थोरला मुलगा साउंडवर, धाकटी मुलगी पहिल्या रांगेत आणि आजी पाण्याच्या बाटल्यांपाशी. आमच्या मंडळात गणपतीचं बजेट ठरायला तीन बैठका आणि एक रुसवा लागतो. यांचं सगळं जेवणाच्या टेबलावर उरकत असणार. रुसवेही तिथेच होत असतील म्हणा.

मला तेव्हा हे अजब वाटलं होतं. पण पुढे नाद लागल्यावर वाचत गेले, तर या नाचाचा उगमच घरगुती निघाला. ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, १५२० सेजविक अव्हेन्यूच्या इमारतीतल्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली होती. शाळा सुरू होताना नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसता तालाचा तुकडा आला की नाचणारे पेटतात, हे त्याने हेरलं आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवत तो तुकडा लांबवायचं तंत्र बसवलं. त्याच तुकड्याला ब्रेक म्हणतात, त्यावर नाचणारे ते बी-बॉय. नवरा-बायकोने मिळून चालवायचंही नवं नव्हतं. मॉन्स्टर्स ऑफ हिपहॉप हे कन्व्हेन्शन अँडी आणि बेकी फंक यांनी उभं केलं. हिपहॉप इंटरनॅशनल ही स्पर्धा भरवणारी संस्था २००२मध्ये हॉवर्ड आणि कॅरन श्वार्ट्झ या दांपत्याने सुरू केलं; त्याआधी ती दोघं एरोबिक्सच्या स्पर्धा भरवायची.

आमच्या कन्व्हेन्शनच्या जोडप्याकडची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे रांगा बदलणं. शिक्षकाने "लाइन्स!" म्हटलं की पुढचे मागे आणि मागचे पुढे. ही पद्धत सगळीकडेच असते, पण इथे बाई स्वतः दारात उभ्या राहून लक्ष ठेवायच्या. कुणाची आई खुणा करून पोरीला पुढेच थांबवत असेल, तर त्या त्या आईशेजारी जाऊन गोड बोलत उभ्या राहायच्या. आमच्या शाळेत मी सहा वर्षं गवळण केली, सहाही वर्षं तिसऱ्या रांगेत. कोपऱ्यातली, घडा घेतलेली.

शनिवारी रात्री सायफर व्हायचा. गोल रिंगण, मध्ये एक जण, बाकीचे टाळ्या वाजवणारे. नंबर नाही, परीक्षक नाहीत. लेक चार वर्षं रिंगणाच्या कडेला टाळ्या वाजवत राहिली. मी घरी येताना गाडीत "का गं नाही गेलीस?" असं विचारायचे, ती खिडकीबाहेर बघायची. पाचव्या वर्षी गेली. जेमतेम आठ काउंट, म्हणजे आठ मोजेपर्यंत, नाचली, बाहेर आली आणि माझ्या हातातली बाटली ओढून घेऊन अख्खी रिकामी केली. त्या आठ काउंटांतलं मला काहीच आठवत नाही, कारण मी डोळे मिटले होते.

२०१५च्या ऑगस्टमध्ये सॅन दिएगोला हिपहॉप इंटरनॅशनलच्या जागतिक स्पर्धेत वसई-नालासोपाऱ्याच्या किंग्ज युनायटेड या नाचाच्या ग्रुपला प्रौढ गटात कांस्यपदक मिळालं होतं. नोव्हेंबरात आम्ही गेलो तर साउंडवरचा मुलगा मला शोधतच आला, फोनवर त्यांचा नाच लावून. "वसई म्हणजे कुठे?" मी टिश्यूपेपरवर पश्चिम रेल्वे काढून दिली. चर्चगेटपासून विरारपर्यंत, फास्ट गाडीचे थांबे वेगळे दाखवून. मी मध्य रेल्वेची असूनही.

पहिल्या वर्षाची एक गोष्ट राहिलीच. दुपारच्या क्लासनंतर लेकीचा डावा बूट हरवला. माइकवरून तीनदा पुकारा झाला, "काळा, डावा, छोटा", बूट काही मिळाला नाही. मग बाईंनी स्वतःच्या मुलीचा जादा जोड दिला. तो एक नंबर मोठा, म्हणून पुढे टिश्यू कोंबले. परत करायला दुसऱ्या वर्षी नेला तर म्हणाल्या, "राहू दे, आता तिच्या मापाचा झाला असेल." तिसऱ्या वर्षी तो तिला घट्ट होऊ लागला. २०१८ला लेक सतरा वर्षांची, आमचं शेवटचं वर्ष. ती नाचायला कमी आणि टेबलावर पिना टोचायलाच जास्त होती. तिच्यापुढे एक चिमुरडी उभी होती, पायात चपला. मी गाडीकडे धावले. जोड डिकीतच होता.