ल्यॉंमधलं पहिलं जेवण

पॅरिसच्या विमानतळावरूनच थेट ल्यॉं शहराची तेजेवे, म्हणजे फ्रान्सची वेगवान रेल्वेगाडी मिळते, दोन तासांत पोचवते. हॉटेलात सामान टाकून बाहेर पडलो तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते आणि आईला कडकडून भूक लागली होती. पण फ्रान्समध्ये दुपारच्या जेवणाची वेळ साधारण बारा ते दोन. त्यानंतर स्वयंपाकघर बंद होतं ते थेट सात-साडेसातपर्यंत. ब्रासरी म्हणतात त्या मोठ्या रेस्टॉरंटांत मधल्या वेळेतही जेवण मिळतं, पण आम्ही बेकरीतून बॅगेट हा लांबट पाव आणि चीज घेतलं आणि बेलकूर चौकातल्या बाकावर बसून खाल्लं.

संध्याकाळ मात्र मला बुशॉंमध्येच घालवायची होती. ल्यॉंची ही खास छोटी खाणावळ. आतडी, सॉसेज, मांस यांसाठी नावाजलेली. आई मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. चीजमधल्या रेनेटबद्दल, म्हणजे दूध घट्ट करायला वापरतात त्या वासराच्या जठरातल्या द्रव्याबद्दल, घरीच बोलणं झालं होतं. तेवढं चालवून घेईन, असं ती म्हणाली होती. शनिवार होता, त्यामुळे टेबल आधी सांगणं भाग होतं. जुन्या ल्यॉंच्या गल्ल्यांत दारांवर लावलेली मेन्यूकार्डं वाचत फिरलो. प्रत्येक दारात आधी ‘बोंजूर’, मग बाकीचं. हे टाळून थेट प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणाचं मानतात. दुसरी काळजी म्हणजे नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबायचं नाही. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, कांद्याच्या सूपमध्ये बहुधा गोमांसाचा रस्सा आणि केनेल नावाच्या मऊ, लांबट गोळ्यांमध्ये मासा. म्हणून एकेक पदार्थ विचारला. एका जागी मालकीणबाईंनी स्वतःच आत जाऊन स्वयंपाक्याला विचारलं आणि बाहेर येऊन साडेसातचं टेबल लिहून घेतलं.

आईसाठी सॅलड मांसाशिवाय आलं, वर अर्धकच्चं उकडलेलं अंडं. मग ‘सर्व्हेल द कान्यू’: ताज्या चीजमध्ये लसूण, कांद्याची पात, थोडं व्हिनेगर. आईला ते फार आवडलं. ‘अगं, हा तर फोडणीशिवायचा चक्काच!’ म्हणत तिने पावाचा शेवटचा तुकडाही त्यात बुडवला. सोबत सायीत भाजलेल्या बटाट्याचं ग्रातां. मी केनेल घेतली. हलकी, फुगलेली, सॉसमध्ये बुडालेली. पाव मागावा लागला नाही. पाण्यासाठी ‘काराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी जगमधून फुकट येतं. नुसतं पाणी मागितलं तर बाटली येऊ शकते, आणि तिचे पैसे लागतात.

आम्ही गोडाला गुलाबी प्रालीनचा, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांचा टार्ट खाल्ला. कॉफी त्यानंतर, वेगळी, गोडाबरोबर नाही. बिल आपण मागेपर्यंत कुणी आणत नाही. टेबल त्या संध्याकाळपुरतं आपलंच असतं आणि मला ही पद्धत मनापासून पटली. आईने निवांत दोन तास घेतले, कुणी प्लेटकडे बघत उभं राहिलं नाही. किमतीत कर आणि सेवा दोन्ही धरलेले असतात, त्यामुळे टीपची सक्ती नाही. आम्ही खुशीने काही युरो ठेवले.

रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच रेस्टॉरंटं बंद असतात. म्हणून निघतानाच मालकीणबाईंना मंगळवारचं टेबल सांगून ठेवलं. त्यांनी आईचं पथ्य वहीत नावापुढे लिहून घेतलं.