मापटं

घरात माणसं वाढतात, पण तांदूळ मोजायचं मापटं तेच राहतं. मग शेवटच्या पंगतीतलं कुणीतरी अर्धपोटी उठतं आणि बोल सुनेला लागतो. मापट्याकडे कुणी बघत नाही.

प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्याचं मापटं होतं वर्षाला 40 हजार रंगरूट. 1814 च्या कायद्याने विशीतल्या प्रत्येक तरुणाला लष्करी सेवा सक्तीची होती, पण प्रत्यक्षात भरती व्हायची एवढ्यांचीच. आकडा ठरला तेव्हा लोकसंख्या 1 कोटी 10 लाखांच्या आसपास होती. 1859 पर्यंत ती 1 कोटी 80 लाख झाली, मापटं मात्र तेच. त्याची किंमत त्याच वर्षी कळली. इटलीतल्या युद्धामुळे प्रशियाने सैन्य उभं केलं, तेव्हा लांडवेर म्हणजे नागरी राखीव दलातले तिशीतले, बायकापोरांचे बाप बोलावले गेले आणि कधीच भरती न झालेले धडधाकट पोरगे घरीच राहिले.

त्या डिसेंबरात आल्ब्रेश्ट फॉन रोन युद्धमंत्री झाले. रणांगण गाजवलेला हा सेनानी नव्हे. 1821 मध्ये अधिकारी झाल्यावर त्यांनी कॅडेट शाळेत शिकवलं, आणि 1832 पासून निघालेलं त्यांचं भूगोलाचं पाठ्यपुस्तक चांगलं खपलं. भूगोलाच्या मास्तराला लोकसंख्येचा रकाना आधी दिसतो, असं आपलं मला वाटतं. त्यांनी भरती 63 हजारांवर नेली, राखीव दलातली मुदत 2 वरून 4 वर्षं केली आणि पायदळाच्या 39 नव्या रेजिमेंटांची व्यवस्था लावली. लांडवेर आघाडीवरून मागे, किल्ल्यांच्या बंदोबस्तावर गेलं.

भांडण मात्र वेगळ्याच आकड्यावर पेटलं. लँडटाग, म्हणजे प्रशियाची संसद, म्हणे, सेवा 2 वर्षांची करा. राजा विल्हेल्म म्हणे, 3 म्हणजे 3. रोन तडजोडीला तयार होते, राजा राज्यत्यागाची भाषा करत होता. शेवटी 18 सप्टेंबर 1862 ला रोननी पॅरिसला प्रशियाचे राजदूत बिस्मार्क यांना तार केली, अर्धी लॅटिन, अर्धी फ्रेंच: उशिरात धोका आहे, लवकर या. बिस्मार्क आले, पंतप्रधान झाले, आणि संसदेने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकाविना 4 वर्षं राज्य चाललं. सैन्य सुधारलं खरं, पण त्याचा हिशोब संसदेच्या खाती फार महागात पडला.

पुढे जुलै 1870 मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपलं. प्रशियाचा राखीव शिपाई आपल्याच मुलखातल्या कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या मोठ्या विभागात, हजर व्हायचा, त्यामुळे माणूस, बंदूक आणि आगगाडी यांची गाठ लवकर पडे. फ्रान्समध्ये त्याला आधी आपल्या रेजिमेंटचा डेपो गाठावा लागे, मग देशभर फिरणाऱ्या रेजिमेंटचा शोध. कित्येकांची पहिली मोहीम रेल्वेतच झाली. प्रशिया आणि तिच्या जर्मन मित्रांनी 18 दिवसांत साडेचार लाखांवर माणसं सरहद्दीवर पोहोचवली. आपल्या नोकरीतला सगळ्यांत बिनघोर पंधरवडा तोच होता, असं रोन नंतर म्हणत. हुकूम, याद्या, गाड्यांच्या वेळा आधीच लिहून ठेवलेल्या होत्या. मंत्र्याला विचारायला कुणी येतच नव्हतं.