तुम्ही विचारलंत म्हणून: अल्बम चांगले होते, तर तेव्हाच का नाही काढले?

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनबद्दल मी बोलायला लागले की हा प्रश्न हमखास येतो. २७ जून २०२५ रोजी त्याचे सात अल्बम एकदम बाहेर आले, ‘ट्रॅक्स टू: द लॉस्ट अल्बम्स’ या नावाने. १९८३ ते २०१८ या काळातली ८३ गाणी, त्यातली ७४ आधी कधीच अधिकृतपणे प्रसिद्ध न झालेली. मग कुणीतरी म्हणतंच, “एवढा मोठा कलाकार, त्याला चांगलं-वाईट कळत नव्हतं होय? कपाटात राहिले म्हणजे डावेच असणार.” शंका रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्प्रिंगस्टीन सुट्या गाण्यांचा हिशेब कमी करतो. कुठल्या अल्बमच्या पाठीवर कुठला यावा, लोकांनी आपल्याला आत्ता काय म्हणताना ऐकावं, यावर त्याचं सगळं लक्ष. १९७९ मध्ये त्याने एक अख्खा अल्बम पुरा करून कंपनीच्या हवाली केला आणि मग परत मागून घेतला. पुढच्या वर्षी त्याच्या जागी ‘द रिव्हर’ हा दुहेरी अल्बम आला. परत घेतलेल्यातली बरीच गाणी नव्यातही होती. म्हणजे अडचण गाण्यांची नव्हतीच. ती सगळी मिळून जे सांगत होती, ते त्याला अपुरं वाटत होतं.

या सात अल्बमांपैकी ज्यावर आम्ही चाहते सगळ्यात जास्त भांडतो तो म्हणजे ‘स्ट्रीट्स ऑफ फिलाडेल्फिया सेशन्स’. त्याची पार्श्वभूमी सांगायला हवी. ३० सप्टेंबर १९८८ला स्प्रिंगस्टीन दिल्लीत, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर गायला होता, ॲम्नेस्टी या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या जगभरच्या दौऱ्यात. सोबत त्याचा नेहमीचा ‘ई स्ट्रीट बँड’ होता. पुढच्याच वर्षी त्याने या बँडला निरोप दिला. १९९२ मध्ये दुसऱ्या वादकांना घेऊन त्याने ‘ह्यूमन टच’ आणि ‘लकी टाउन’ हे दोन अल्बम एकाच दिवशी काढले, पण लोक काही फार खूश झाले नाहीत. मग ‘फिलाडेल्फिया’ या चित्रपटासाठी त्याने ‘स्ट्रीट्स ऑफ फिलाडेल्फिया’ हे एड्सने खंगत चाललेल्या माणसाचं गाणं केलं, ड्रम मशीन आणि सिंथेसायझर एवढ्यावरच. त्याला ऑस्कर मिळालं. त्याच वाटेने पुढे जात १९९४ मध्ये त्याने अख्खा अल्बम रचला. मिक्सिंग झालं, १९९५च्या वसंतात तो येणार होता. आणि त्याने तो थांबवला.

का? ‘टनेल ऑफ लव्ह’ या त्याच्या आधीच्या अल्बमपासून धरलं तर नात्यांमधल्या संशयावर आणि तुटलेपणावर हा त्याचा ओळीने चौथा अल्बम झाला असता, आणि तोही सगळ्यात काळोखा. त्याऐवजी त्याने जुन्या बँडला बोलावून ‘ग्रेटेस्ट हिट्स’साठी काही नवी गाणी केली. ‘सीक्रेट गार्डन’ हे एक गाणं वेगळ्या रूपात तिकडे गेलं. बाकीची तीस वर्षं पडून राहिली. चाहत्यांमध्ये त्यांचा उल्लेख ‘लूप्सवाला अल्बम’ (लूप म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा ड्रमचा तुकडा) असा व्हायचा, न ऐकताच.

यातलं ‘ब्लाइंड स्पॉट’ लक्ष देऊन ऐका. ड्रमचा तोच छोटा तुकडा फिरत राहतो, मागे सिंथेसायझरचे लांब सूर, आणि आवाज बोलण्याच्या पट्टीच्या वर जवळपास जातच नाही. ज्यांच्या कानात ई स्ट्रीट बँडच्या मॅक्स वाइनबर्गचे ड्रम बसलेत, त्यांना ध्रुवपद जवळ आलं की वाटतं, आता स्नेअर ड्रम कडाडणार, गाणं उसळी घेणार. ते होत नाही. तो तुकडा तसाच फिरत राहतो. एकमेकांवरचा विश्वास उडालेल्या दोघांच्या गाण्यात सुटका कुठून असणार? मला हे त्याच्या उत्तम कामांपैकी एक वाटतं.

काही चाहते म्हणतात, हा तेव्हाच यायला हवा होता. मग नव्वदचं दशक त्याचं भरकटलेलं दशक म्हणून कुणी मोडीत काढलं नसतं. मला ते पटत नाही. १९९५ मध्ये लोक बँडची वाट बघत होते. त्यांना या अल्बममध्ये फक्त बँड नाही एवढंच ऐकू आलं असतं. आज तसं काही ओझं नाही. तो तेव्हा थांबला हे बरोबरच केलं, आणि अल्बम उत्तम आहे, या दोन्ही गोष्टी मी एका दमात म्हणते.

दुसरा महत्त्वाचा, ‘एलए गॅरेज सेशन्स ’८३’. १९८२च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकच्या भाड्याच्या घरात चार ट्रॅकच्या टीॲक यंत्रावर त्याने एकट्याने काही गाणी भरली. ती कॅसेट तो कव्हरशिवाय जीन्सच्या खिशात घालून फिरायचा. शेवटी त्याच कॅसेटवरून ‘नेब्रास्का’ हा अल्बम निघाला. ८३ची गाणी त्याच धाटणीची, घरी एकट्याने केलेली. ‘माय होमटाउन’चं आधीचं रूप इथे सापडतं. ‘नेब्रास्का’नंतर हाच रस्ता पुढे गेला असता तर काय, हे इथे कळतं. प्रत्यक्षात जून १९८४ मध्ये ‘बॉर्न इन द यूएसए’ आला आणि सगळं पालटलं.

अल्बम ठेवून देण्याचं कारण कधी याहून साधं असतं. नील यंग या दुसऱ्या रॉक गायकाने १९७४-७५ मध्ये ‘होमग्रोन’ केला, नातं तुटण्याच्या दिवसांत. तो ठेवून देऊन त्याने ‘टुनाइट्स द नाइट’ काढला, आणि ‘होमग्रोन’ २०२० साली आला. तो अल्बम आपल्यालाच ऐकवत नव्हता, असं त्याने मोकळेपणाने सांगितलं, लोकांची माफीही मागितली. मला त्याबद्दल अजिबात तक्रार नाही. आपल्याकडे खाजगी मैफलींची ध्वनिमुद्रणं हातोहात फिरतात, तशी या लोकांची चोरटी रेकॉर्डिंगंही वर्षानुवर्षं फिरली. पण गायकाने स्वतः, हयातीत, क्रम लावून पुढे ठेवलेलं ऐकणं मला जास्त मोलाचं वाटतं.

आणि हो, सातही सारखे नाहीत. ‘परफेक्ट वर्ल्ड’ हा अल्बम म्हणून रचलेलाच नव्हता, हे स्प्रिंगस्टीनच सांगतो, आणि ते जाणवतं. ‘ट्वायलाइट अवर्स’मधलं व्हायोलिनांचं मार्दव अनेकांना सोसत नाही, मला आवडतं. ‘इन्यो’मध्ये मेक्सिकोच्या सरहद्दीवरची माणसं आहेत, आणि मारियाची वादकांची साथ.

सुरुवात कुठून करायची, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. पूर्ण संच महाग आहे. त्यातल्या निवडक वीस गाण्यांचा ‘लॉस्ट अँड फाउंड’ही निघालाय, पण तो घेऊ नका. आधी ‘नेब्रास्का’ ऐका, मग ‘गॅरेज सेशन्स’, मग ‘बॉर्न इन द यूएसए’, याच क्रमाने. ‘स्ट्रीट्स ऑफ फिलाडेल्फिया सेशन्स’ त्यानंतर, सलग, मध्ये गाणी न गाळता.