चोरी झालीच नव्हती

आज दिवसभर ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं होरायझन प्रकरण वाचत बसले, अजून डोकं शांत नाही. होरायझन हे तिथल्या पोस्टात वापरलेलं फुजित्सू कंपनीचं सॉफ्टवेअर, ते हिशोबात खोटी तूट दाखवायचं आणि चोर ठरायचे काउंटरमागचे सबपोस्टमास्तर, म्हणजे छोट्या शाखा चालवणारे लोक, 900 पेक्षा जास्त लोकांना दोषी ठरवलं!! त्यातल्याच एक सबपोस्टमास्तर सीमा मिश्रांना तर 2010 मध्ये, पोटात बाळ असताना, मोठ्या मुलाच्या 10व्या वाढदिवशीच तुरुंगात पाठवलं, सुटल्यावर पायात इलेक्ट्रॉनिक टॅग, बाळंतपणही त्या टॅगसकटच. 2024 ला संसदेने कायदा करून शेकडो निकाल एका झटक्यात रद्द केले, प्रत्येकी 6 लाख पौंड भरपाईची ऑफरही आहे, पण कित्येकजण ते बघायला उरलेच नाहीत हो. भरपाई द्याच, लवकर द्या, पण सिस्टिममध्ये गडबड आहे हे माहीत असून जे कोर्टात गप्प बसले त्यांच्यावर खटले कधी भरणार?