फ्लोट स्विच बदलायच्या आधी कॉलम बघा: अमोनिया प्लांटवरचा माझा अनुभव

अमोनियावर चालणाऱ्या कोल्ड स्टोरेजची तक्रार अशी होती की कोल्ड रूमचं तापमान चढतंय, सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे ओढल्या जाणाऱ्या गॅसचं प्रेशर) नेहमीपेक्षा खाली गेलंय आणि कॉम्प्रेसर मात्र धडधडीत चालू आहे. म्हणजे इव्हॅपोरेटरला, जिथे अमोनिया उकळून खोली थंड करतो तिथे, लिक्विड पोचत नव्हतं. इव्हॅपोरेटरला लिक्विड पुरवणाऱ्या टाकीला, म्हणजे सर्ज ड्रमला, जाणाऱ्या लाइनवरचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) बंद होता आणि त्याच्या कॉइलला विजेचा सप्लायच येत नव्हता. सप्लाय तुटला होता फ्लोट स्विचवर, म्हणजे ड्रममधली लेव्हल बघून सोलेनॉइड चालू-बंद करणाऱ्या स्विचवर. प्लांटवरच्या ऑपरेटरने तर निदानही करून ठेवलं होतं, "साहेब, स्विच गेला. नवा मागवू का?"

मी त्याला थांबायला सांगितलं. या स्विचची रचना लक्षात घेतली तर निम्मं काम उभ्या उभ्या होतं. ड्रमच्या बाजूला एक उभा कॉलम असतो, तो वरून आणि खालून पाइपने ड्रमला जोडलेला. आत पोकळ गोळा तरंगतो. गोळ्याच्या दांडीवरचा लोखंडी तुकडा वरच्या बंद नळीत वर-खाली होतो, नळीच्या बाहेरचं मॅग्नेट त्याच्याकडे ओढलं जातं आणि मायक्रोस्विच पडून सप्लाय तुटतो. अमोनिया आत, वायरिंग बाहेर, मध्ये धातूची भिंत. त्यामुळे गॅस न सोडता वरचं डोकं (मॅग्नेट आणि मायक्रोस्विचचा डबा) काढता येतं.

आधी बिघाडाची दिशा बघितली. गोळ्याला भोक पडलं असतं तर तो बुडाला असता, स्विचने सारखं लिक्विड मागितलं असतं आणि हाय लेव्हलवर कॉम्प्रेसर ट्रिप झाला असता. इथे उलटं होतं. स्विच म्हणत होता, "भरलंय." त्यामुळे फुटका गोळा यादीतून गेला.

सप्लाय बंद करून झाकण उघडलं. आत पाणी किंवा बर्फ आहे का ते नीट पाहिलं, कारण थंड कॉलमवरच्या डब्यात कंड्युइटमधून (वायरच्या नळीतून) दमट हवा शिरली की पाणी सुटतं, गोठतं आणि मॅग्नेटचा हात अडकतो. डबा कोरडा होता. मग डोकं नळीवरून वर उचललं. टक् आवाज झाला, मीटरवर कॉन्टॅक्ट जुळला. हाय लेव्हलचा वेगळा कट-आउट (लेव्हल फार चढली की कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच) चालतोय याची खात्री करून डोकं तसंच वर ठेवलं आणि सप्लाय दिला. सोलेनॉइड उघडला, सक्शन प्रेशर हळूहळू वर यायला लागलं. डोकं परत खाली बसवलं की सोलेनॉइड लगेच बंद. म्हणजे स्विच ठणठणीत होता, गोळाच वर होता. ड्रम रिकामा आणि गोळा वर, हे कसं?

उत्तर कॉलमच्या अंगावरच होतं. हा कॉलम उघडा, इन्सुलेशन नसलेला. ड्रमच्या खालच्या भागावर पांढरा बर्फ, खालच्या जोडपाइपवर ड्रमजवळ वीतभर बर्फ, आणि पुढे कॉलमच्या खालच्या अर्ध्या भागावर नुसते पाण्याचे थेंब. आत उकळणारा अमोनिया असता तर तिथेही बर्फ धरला असता. कॉम्प्रेसरमधून गॅसबरोबर वाहून आलेलं वंगणाचं तेल तिथे उकळत नाही. उणे २५ अंशांच्या आसपास अमोनियाचं एक लिटर लिक्विड साधारण ६७० ग्रॅम भरतं, तेल ९०० ग्रॅमच्या आसपास, म्हणून तेल तळाशी बसतं आणि खालच्या पाइपने कॉलममध्ये शिरतं. कॉलम बाहेरून गरम होत राहतो, त्यातला अमोनिया उडून जातो, तेल मागे उरतं. खालच्या पाइपात ते थंडीने काकवीसारखं घट्ट होतं आणि परतीची वाट बंद करतं. गोळा त्या तेलावर तरंगत होता.

तेल काढणं हा यातला सगळ्यात जपून करायचा भाग. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या पाइपांवरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून लिक्विड मध्ये कोंडायचं नाही. ते तापून फुगलं तर पाइप फोडतं. लिक्विड लाइनचा हँड व्हॉल्व्ह बंद केला, नाहीतर गोळा खाली येताच ड्रम भरत सुटला असता. मग कॉलमचा फक्त खालचा व्हॉल्व्ह बंद केला. वरचा उघडा ठेवला, म्हणजे उरलेला अमोनिया ड्रममध्ये निघून जाईल. गेजवर अर्ध्या बारच्या आसपास प्रेशर होतं, तेवढं पुरतं. उणे ३३ अंशांखाली चालणाऱ्या प्लांटमध्ये आत व्हॅक्यूम असतो. तिथे ड्रेन उघडला तर तेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. मास्क, गॉगल, हातमोजे घातले, वाऱ्याच्या वरच्या बाजूला एक माणूस उभा केला. ड्रेनला हात सोडला की आपोआप मिटणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह होता. तो नसेल तर मी हे काम करत नाही.

काळं, दाट तेल तारेसारखं येत राहिलं. कॉलमवर कोमट पाणी ओतलं तेव्हा वेग आला. ज्योत जवळपासही आणायची नाही. बरंच तेल निघाल्यावर मीटर वाजला, गोळा खाली आला होता. म्हणजे तो जाम नव्हता. नंतर ड्रमच्या तळाचं तेलही तसंच काढलं. खालचा पाइप मोकळा झाला, फीड सुरू केल्यावर कॉलमवर बर्फाची रेघ हळूहळू चढली आणि ठरल्या लेव्हलला सोलेनॉइड स्वतःहून बंद झाला.

एवढं तेल आलं कुठून, हे लॉगबुकात सापडलं. कॉम्प्रेसरमध्ये तेल टाकल्याच्या नोंदी पानोपानी, ड्रममधून काढल्याची एकही नाही. टाकलेलं तेल कुठेतरी साठणारच. कॉम्प्रेसरमधून निघालेल्या गॅसमधलं तेल वेगळं करणारा ऑइल सेपरेटर उघडला तर आतलं एलिमेंट फाटलेलं. ते बदललं, कॉलमला इन्सुलेशन केलं आणि लॉगबुकात "काढलेलं तेल" असा नवा रकाना आखून घेतला. ऑपरेटर आता तेल टाकलं की त्या रकान्याकडेही बघतो.